पालखीच्या आधीचे बार

पैज लागली लवूच्या पडवीत, कोकमाचं सरबत पिताना, आणि तीही कशावरून, तर आवाजावरून. लवूचं म्हणणं असं की महिपतचा पाईप वाजतो तो कानात वाजतो, आणि देवळातल्या रामजीची गरनाळ, म्हणजे बारांची छोटी तोफ, वाजते ती छातीत वाजते. झोपलेल्या माणसालाही दोघांतला फरक कळेल.

महिपतला हे लागलं. पन्नाशीला टेकलेला माणूस. रत्नागिरीपासून मालगुंडपर्यंतच्या बागांतले पंप दुरुस्त करून पोट भरायचा, पण पंप म्हणजे त्याच्या लेखी नुसती मजुरी. जीव सगळा पाईपांत. म्हैस विकल्यापासून रिकाम्या गोठ्यात त्यानं आपला कारखाना काढला होता आणि भिंतींवर कोळशानं नकाशे. डाव्या भिंतीवर हवेवरचे पाईप, उजव्या भिंतीवर जाळावरचे. हवेवरच्या पाईपानं त्यानं लवूच्या बायकोच्या वाळवणावर रातांबे टाकले होते, आणि मानकरी आप्पांच्या दोरीवरच्या धोतरावर एकदा असा नेम धरला होता की आप्पांना तो डाग घेऊनच तालुक्याला मीटिंगला जावं लागलं. जाळावरचा पाईप मात्र चांगल्या कामासाठी होता. आंब्यावरची केलडी हाकलायला. पहिल्या दिवशी बार उडाला तशी माकडं पार नदीपलीकडे गेली. आठवडा गेला आणि तीच माकडं बागेच्या दगडी गडग्यावर ओळीनं येऊन बसली, नमन-खेळे बघायला बसावं तशी. महिपतच्या भुवया तेवढ्या जळाल्या. त्याची बायको चिमा म्हणाली, उगवल्या तर उगवल्या, नायतर कोळशानं काढ, भिंतीवर काढतोस तशा.

गोठ्याच्या दाराच्या आतल्या बाजूला तिसरा नकाशा होता आणि तो त्यानं कुणाला दाखवला नव्हता. ह्या पाईपातून काही उडायचंच नव्हतं. नुसता आवाज. सगळा हिवाळा त्यानं त्यात घातला. गळ्याशी अरुंद, पोटाशी घागरीसारखा, एकदा पुसायचा, पुन्हा काढायचा. रामजीच्या गरनाळीसारखा आवाज ह्या मुलखात कुणी काढला नव्हता आणि त्यानं तो काढला होता, माळावर एकटा जाऊन, कानात कापूस घालून. तेव्हा लवूनं सरबताचा पेला खाली ठेवून “छातीत नाय वाजत” म्हटल्यावर महिपत गप्प बसणं शक्यच नव्हतं.

शिमगा तोंडावर आला होता. गावाची पालखी कातळवाडीत शिरायच्या आधी वळणावर तीन बार होतात, मग घराघरातनं बायका आरतीचं ताट घेऊन दारात येतात. महिपत म्हणाला, पालखीच्या आधी मी तीन बार काढतो. वाडीतलं एक जरी माणूस ताट घेऊन बाहेर आलं, तर मी जिंकलो.

“आणि कुणी नाय आलं तर?” लवूनं विचारलं.

मग दोघांनी मिळून दंड ठरवला आणि ठरवताना इतके हसले की लवूला ठसका लागला. जो हरेल त्यानं शिमग्याच्या शेवटच्या दिवशी, पालखी सहाणेवर, म्हणजे तिच्या चौथऱ्यावर, बसलेली असताना, अख्ख्या गावासमोर तो पाईप गळ्यात बांधायचा, कान धरायचे, आणि आपल्याला अक्कल मिळावी म्हणून देवाला गाऱ्हाणं घालायचं. गावानं दरेक वाक्याला “व्हय म्हाराजा” म्हणायचं. गावानं पालखीपुढं “व्हय” म्हटलं की ते गावावर बांधलं जातं, मग मागं घेता येत नाही. लवू म्हणाला, तुला अक्कल आली तर गाव तरी काय करील, पण बघू.

लवूनं चौकात, पिंपळाच्या पारावर बसायचं, तिथून वाडीची सगळी दारं दिसतात. महिपतनं वळणावर काजूच्या मागं लपायचं, रामजी जिथून बार काढतो तिथूनच, म्हणजे आवाजाची दिशाही तीच.

एक दार मात्र पारावरून दिसत नाही. ते वळणाच्या पलीकडे आहे. येसूबाईचं.

महिपतला हे माहीत नव्हतं असं नाही. वाडीत सगळ्यांना माहीत होतं. येसूबाईचा नवरा गंगाराम फार वर्षांपूर्वी पालखी कुणाच्या खांद्यावर द्यायची ह्यावरून मानकऱ्यांशी भांडला होता आणि रागाच्या भरात आपल्या गडग्याचं बेडं, म्हणजे वाशांचं फाटक, पालखीच्या तोंडावर लावून टाकलं होतं. तेव्हापासून पालखी त्याच्या दारावरून तोंड फिरवून जायची. गंगाराम गेला. येसूबाईच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. दर शिमग्याला ती ओटा सारवायची आणि दर शिमग्याला पालखी पुढं जायची. ह्या वर्षी मात्र आप्पांनी गावबैठकीत सांगितलं होतं, की पालखी तिच्या दारात थांबेल. तिनं तिथं आपल्या तोंडानं गाऱ्हाणं घालावं. गावानं “व्हय” म्हटलं तर ते दरवर्षीचं घर.

हे सगळं महिपतनं ऐकलं होतं. पण त्याच्या डोक्यात त्या दिवशी फक्त पाईप होता. माणूस हौसेत असला की बाजूचं दार त्याला दिसत नाही, आणि महिपत तर काजूच्या मागं बसून आपलंच हसू दाबत होता.

पालखी यायच्या दिवशी, ऊन कलायच्या आधी त्यानं तीन बार काढले. एकावर एक. काजूची पानं थरथरली, माडांवरचे कावळे उठले, आणि महिपतच्या बरगडीला तो धक्का बसला तसा तो खूश झाला. छातीत वाजला. लवू पारावर बसून ऐकत असणार, आणि तोंड वासून बसला असणार.

आता वळणावरची एक रीत सांगायला हवी. तिथं राखणदाराचा दगड आहे, शेंदूर लावलेला. त्याच्यापुढनं ढोल वाजवत जायचं नाही. पालखी वळणाशी आली की बार होतात आणि बार झाले की ढोल-ताशे बंद, माणसांनी बोलायचंसुद्धा नाही. दगड ओलांडून येसूबाईच्या गडग्यापर्यंत सगळं मुक्यानं. म्हणून बारांनंतर शांतता झाली तर तिथं राहणाऱ्या माणसाला त्यात चुकीचं काहीच वाटत नाही. उलट शांतता झाली म्हणजे पालखी आली.

येसूबाईचं दार उघडलं.

नवी नाही, पण धुऊन घडीला ठेवलेली हिरवी नऊवारी तिनं नेसली होती. एका हातात ताट, निरांजनाच्या वातीला दुसऱ्या हाताचा आडोसा. ताट ओट्यावर ठेवून ती परत आत गेली आणि पालखी खांद्यावर घेणाऱ्यांचे पाय धुवायला गरम पाण्याचं तांब्याचं भांडं दोन्ही हातांनी उचलून आणलं. पायानं चाचपत बेड्याशी आली, भांडं खाली ठेवून वासे एकेक करून बाजूला काढले, आणि पदर डोक्यावर घेऊन उभी राहिली.

तेवढ्यात बाजूच्या बागेतून बकऱ्या आल्या. आंब्याच्या वाळक्या पातेऱ्यावरून त्या चालल्या तसे पायांचे आवाज झाले, खूपशा माणसांचे व्हावेत तसे. एकीच्या गळ्यात घुंगरू होतं. ते किणकिणलं, पालखीच्या गोंड्यांना लावलेली घुंगरं वाजतात तसं. बकऱ्या बेड्यासमोर थांबल्या आणि गडग्यावरचा पाला खायला लागल्या.

महिपतला हसू आलं. खोटं कशाला बोला, तोंडात रुमाल कोंबायची वेळ आली. म्हातारी बकऱ्यांना नमस्कार करतेय, हे लवूला सांगितलं तर तो पारावरून खाली पडेल, आणि पैज तर आताच जिंकली, ताट घेऊन माणूस बाहेर आलं! त्यानं अंग चोरून मान पुढं काढली, नीट बघायला.

येसूबाईनं हात जोडले आणि बोलायला सुरुवात केली. सावकाश, पाठ केल्यासारखं. किती दिवस घोळवलं असेल तिनं चुलीपाशी.

“बा म्हाराजा,” ती म्हणाली, “माझ्या माणसानं बेडं लावलंन, तो त्याचा राग होता, घराचा नव्हता. तो राग त्याच्याबरोबर चितेवर गेला. आता दार उघडं हाय. वाटेवर पाणी मारलेलं हाय. दरवर्षी येऊन जा. मी नसलं तरी येऊन जा.”

आणि ती थांबली. “व्हय म्हाराजा” ऐकायला.

महिपतच्या तोंडात रुमाल तसाच होता. हसू केव्हा गेलं ते त्याला कळलं नाही. समोर बकऱ्या पाला ओढत होत्या. येसूबाईनं मान थोडी वर केली, कान पुढं केला, आणि परत तेच वाक्य म्हटलं, “दरवर्षी येऊन जा.” ह्या खेपेला जरा मोठ्यानं, कुणाला ऐकू गेलं नसेल तर म्हणून. घुंगरू एकदा वाजलं. 

काजूच्या मागून बाहेर यायला दोन पावलं लागली असती. पण हातात तो काळा झालेला पाईप, अंगाला धुराचा वास. बाहेर येऊन म्हणायचं काय? काकी, देव नाही आला, मी आलो? त्याचे पाय उचललेच नाहीत. आयुष्यभर लोकांच्या खोड्या काढून गडग्याच्या खिंडीतून पळालेला माणूस, त्याला खोडीतून परत यायची वाट कधी शिकावीच लागली नव्हती.

येसूबाई बराच वेळ उभी होती. मग तिनं भांड्यातलं पाणी तिथंच वाटेवर ओतलं, वासे परत लावले, निरांजन फुंकलं, आणि दार आतून लावून घेतलं. कडी लागल्याचा आवाज महिपतला काजूपाशी ऐकू आला. गावानं नाही म्हटलं, असंच ती समजली. दुसरं काय समजणार?

महिपत आडवाटेनं घरी गेला, पाईप गोठ्यात टाकला. चिमानं विचारलं, कोण आलं का ताट घेऊन? तो म्हणाला, कोण येणार. चिमा म्हणाली, वाडीत सगळी हसत होती, म्हिपत्याचा पाईप वाजला म्हणून. सगळ्यांनी ओळखलंनी. एका घरात नाय दिवा लागला.

एका घरात लागला होता.

खरी पालखी उन्हं उतरताना आली. रामजीचे तीन बार झाले, ढोल थांबले, आणि माणसं मुक्यानं राखणदारासमोरून पुढं सरकली. महिपत गर्दीत होता. वाटेत तो मनाशी म्हणत होता, दार उघडेल, बार ऐकून परत उघडेल, आणि मग सगळं नीट होईल. बेडं लावलेलं होतं. दार लावलेलं होतं. बेड्यासमोरची माती ओली होती.

आप्पांनी हाक दिली. “येसूबाय, पालखी आलीय गो.”

 आतून तिचा आवाज आला, दार न उघडताच. “माझं सांगून झालंय. गावानं ऐकलंन. परत कशाला थट्टा करताव?”

लोक एकमेकांकडे बघायला लागले. कुणाला काही कळेना. तिनं केव्हा सांगितलं, कुणी ऐकलं? कुणीतरी कुजबुजलं, गंगारामाचंच पाणी. आप्पांचा चेहरा उतरला. एवढं बैठकीत बोलून, सगळ्यांना समजावून त्यांनी पालखी इथवर आणली होती, आणि बेडं पुन्हा तोंडावर बंद. महिपतनं तोंड उघडलं. त्याला सांगायचं होतं. पण सांगायचं म्हणजे सगळं सांगायला हवं होतं. की मघाशीचे माझे बार हिला खरे वाटले, आणि ही बाई बकऱ्यांपुढं गाऱ्हाणं घालून गेली. लवू त्याच्या बाजूलाच उभा होता. मग शिमग्याभर, पुढच्या शिमग्यापर्यंत, वाडीतली पोरं येसूबाईच्या गडग्यावरून जाताना बकरीसारखी ओरडली असती. महिपतला पोरं माहीत होती. तीच पोरं त्यानं तयार केली होती.

त्यानं उघडलेलं तोंड मिटलं. पालखी पुढं गेली.

लवू संध्याकाळी गोठ्यात आला, भिंतीवरचे नकाशे बघत उभा राहिला. म्हणाला, मी पारावरून डोळे फाडून बघत होतो, एक ताट दिसलं नाय. तुला तिकडे वळणावर कोण दिसलं का? जिंकलास तर सांग, मी आपला पाईप गळ्यात घालून नाचतो. असं विचारलं, की नुसतं नाव घ्यायचा अवकाश होता. सगळा हिवाळा घालून काढलेला आवाज खरा ठरला होता, आणि ते एका माणसाला माहीत होतं, आणि तो माणूस म्हणजे महिपतच.

“कोण नाय आलं,” महिपत म्हणाला. “हरलो मी.”

लवूला आश्चर्य वाटलं. महिपत इतक्या सहज हरलेला त्यानं कधी पाहिला नव्हता. तो गेल्यावर महिपतनं चिमाकडून शेणाची बादली मागितली. तिनं कारण विचारलं, तो म्हणाला भिंत सारवायचीय. नकाशे एकेक करून शेणाखाली गेले, डावी भिंत, उजवी भिंत. दाराच्या आतल्या बाजूचा तेवढा राहिला. तिथवर आल्यावर हात अडला. चिमा उंबऱ्यात उभी राहून बघत होती. तिला वाटलं, पैज हरल्याचं दुःख असेल. चहा करते म्हणाली.

शेवटच्या दिवशी पालखी सहाणेवर बसली. सगळं गाव जमलेलं. होळीच्या राखेत पोरं लोळत होती, ढोलवाले घामानं निथळत होते. सहाणेवर दर्शनाला कुणालाही मज्जाव नसतो, तेव्हा बायकांच्या रांगेच्या टोकाला येसूबाईसुद्धा आली होती, कुणाच्या तरी हाताला धरून, लांबूनच हात जोडायला. महिपतला ती दिसली, आणि ती दिसल्यावरच त्यानं ठरवलं. त्याआधी त्याच्या मनात काही नव्हतं, नुसतं कान धरून चार शब्द बोलायचे आणि मोकळं व्हायचं, एवढंच.

लवूनं स्वतःच्या हातानं पाईप महिपतच्या गळ्यात बांधला, काथ्यानं, आणि वर झेंडूची माळ घातली. गाव खदखदून हसलं. आप्पांना ही पैज आधी पसंत नव्हती, पण शिमगा म्हटल्यावर तेही पानसुपारी चघळत बाजूला उभे राहिले.

महिपतनं दोन्ही कान धरले.

“बा म्हाराजा,” त्यानं आवाज चढवला, “हा महिपत पंपवाला, अर्धं डोकं पायपात ठेवून जन्माला आला.”

“व्हय म्हाराजा!”

“लोकांच्या धोतरावर रातांबे मारलेन.”

“व्हय म्हाराजा!” ह्याला आप्पांचा आवाज सगळ्यात मोठा.

“स्वतःच्या भुवया जाळलेन, माकडांना फुकट तमाशा दाखवलान.”

“व्हय म्हाराजा!” पोरं नाचायला लागली. ढोलवाल्यानं प्रत्येक “व्हय”ला एक थाप द्यायला सुरुवात केली. गाव आता लयीत आलं होतं. वाक्य संपायच्या आत “व्हय” तयार. महिपतला गर्दी कशी चालवायची ते माहीत होतं, आयुष्यभर त्यानं तेच केलं होतं. तो थांबला नाही, श्वास घेतला नाही, तोच सूर, तोच ठेका.

“आणि बा म्हाराजा, गंगारामानं बेडं लावलंन तो त्याचा राग होता, घराचा नव्हता!”

“व्हय म्हाराजा!”

“तो राग त्याच्याबरोबर चितेवर गेला!”

“व्हय म्हाराजा!” आता काही आवाज अडखळले, पण थाप पडली होती.

“आता दार उघडं हाय, वाटेवर पाणी मारलेलं हाय! दरवर्षी येऊन जा! ती नसली तरी येऊन जा!”

“व्हय म्हाराजा!”

ढोलाची थाप पडली आणि मग शांतता झाली. लोकांना आपण काय म्हणालो ते आता कळत होतं. पालखी समोर होती. आप्पांच्या तोंडातली पानसुपारी तशीच राहिली. त्यांनी पालखीकडे पाहिलं, महिपतकडे पाहिलं. कुणीतरी म्हणालं, हे काय रे, आमच्या तोंडून काय वदवलंस? आप्पांनी हात वर करून त्याला गप्प केलं. “गावानं म्हटलंन,” ते म्हणाले. “आता म्हटलंन.”

लोक पुन्हा हसायला लागले, महिपतनं शेवटी पैज हरूनसुद्धा सगळ्यांना बनवलं म्हणून. लवू तर त्याच्या पाठीत थापा मारत होता.

येसूबाई हसत नव्हती. तिनं धरलेला हात सोडला होता. शब्द तिचेच होते, एकेक, चुलीपाशी जुळवलेले, आणि ते तिनं फक्त त्या दिवशी बेड्याशी उच्चारले होते. ती गर्दीतून पुढं आली, चाचपत. माणसं बाजूला झाली. कुणाला वाटलं पाया पडायला येतेय, कुणाला वाटलं आशीर्वाद द्यायला. ती महिपतच्या इतकी जवळ आली की तिचा हात गळ्यातल्या पाईपाला लागला. तिनं तो चाचपला, गळ्याशी अरुंद, पोटाशी फुगीर. धुराचा वास त्याला अजून होता.

मग ती हळू बोलली. त्याच्याशिवाय कुणाला ऐकू गेलं नाही.

“तू होतास तिथं. मग तेव्हाच ‘व्हय’ का नाय म्हणालास रे? एकट्यानं म्हटलं असतंस तरी चाललं असतं.”

 तिनं थोडा वेळ वाट पाहिली, त्या दिवशी बेड्याशी पाहिली होती तशीच, मान जरा वर करून. मग पदर ओढून घेतला आणि वळली. चिमा धावत पुढं झाली, तिचा हात धरून तिला सहाणेवरून खाली घेऊन गेली.

लवू म्हणाला, झालं की आता, सोड कान. पोरं “अजून एक, अजून एक” ओरडत होती. महिपत गळ्यात पाईप घेऊन, कान धरून तसाच उभा राहिला.